पहिला चमचा काकीचा

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली. हे मात्र तसंच आहे.

किन्हवलीकडच्या एका गावातलं नुकतं रांगायला लागलेलं बाळ झटके येऊन दवाखान्यात दाखल झालं. रक्तात शिसं निघालं आणि डॉक्टरांनी पोलीस ठाण्याला कळवलं. मागोमाग बाळाचा मामा आला.

"साहेब, याची काकी. तिला पोर नाय. नाचणीचं सत्व तीच बनवते, तीच भरवते. आजच आत घ्या तिला."

मी नांदेडकडचा, नववीत शाळा सुटलेला, शिपायाचा सहायक फौजदार झालेला. शिसं बंदुकीच्या गोळीत असतं, एवढंच ठाऊक. माझी स्वतःची मुलगी इथल्याच शेजारणींनी करून दिलेल्या नाचणीवर वाढली. त्यांचे उपकार विसरलेलो नाही, त्यामुळे नाचणी भरवणाऱ्या बाईला नुसत्या संशयावर आत घ्यायला मन धजेना.

महिला शिपायासमोर काकीचा जबाब घेतला.

"सत्वात काय घातलं?"

"नाचणी. दुसरं काय घालू?"

"भरवताना कोण असतं?"

"मीच. जाव शेतावर जाते. पयला चमचा मी खाते, मग त्याला."

"का?"

"गरम हाय का बघाया. तुमच्याकडं पोरांची तोंडं भाजवतात काय?"

महिला शिपाई हसली. मी ते वाक्य जबाबात जसंच्या तसं लिहिलं आणि काकीचं रक्त तपासायला पाठवलं. अहवाल येईपर्यंत अटक थांबवली. मामा रोज ठाण्याच्या फाटकाशी येऊन ऐकवायचा, "तुमची सासुरवाडी हाय का ती?"

काकीच्या रक्तातही शिसं निघालं. जाणूनबुजून विष घालणारी स्वतः ते खाणार नाही. मग घरातली न दळलेली नाचणी आणि पीठ, दोन्हींचे नमुने सीलबंद करून पाठवले. दाणे स्वच्छ होते, पीठ नव्हतं. मधे फक्त गावची गिरण.

गिरणीवाल्याने दगड उघडून दाखवला. मधलं लोखंड ढिलं झालं म्हणून त्याने जुन्या बॅटरीतलं शिसं वितळवून भोवती ओतलं होतं. ते दळताना पिठात उतरत होतं.

"सगळेच वततात साहेब. त्याबिगर दगूड धरत नाय. आमच्या घरी पन हितलंच पीठ." बोलता बोलता तो खाली बसला. त्याच्या घरी नात होती.

पंचनामा करून गिरण बंद केली, आरोग्य खात्याला कळवलं. त्यानंतर विषाच्या प्रत्येक तक्रारीत मी आधी विचारायचो, घरात तेच आणखी कोण खातं?

बाळ उपचारांनी सावरलं. शेवटच्या वेळी दवाखान्यात गेलो, तेव्हा बाळाच्या आईने भाताच्या पेजेची वाटी जावेपुढे सरकवली. "तुमीच भरवा. माझ्या हातानं खात नाय."

काकीने चमचा तोंडाकडे नेला आणि समोर मामा दिसताच थांबली.

मामा खाली बघत म्हणाला, "घ्या ताई. गरम असंल."