बारा रुपयांचा कठडा

माझं लग्न झालं तेव्हा बाभुळगावच्या आमच्या घरात एक खोली आणि पुढे ओसरी, एवढंच होतं. खोलीच्या वर फळ्यांचा बुटका माळा. त्यावर जळणाच्या पऱ्हाट्या, गोवऱ्या आणि बियाण्याची मडकी ठेवलेली असत. शिडीसारखी निसणी लावून चढायचं, तेही वाकून. बाप मी लहान असतानाच गेला होता. मायनं दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचून मला शिकवलं आणि मी शाळामास्तर झालो. आम्ही बौद्ध झालो त्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. आमच्या वस्तीत माडीचं घर एकही नव्हतं.

नव्या सुनेला लुगडं बदलायलाही आडोसा नाही, हे मायच्याच लक्षात आलं. "माळ्याची खोली करून घे," ती म्हणाली. "मी खाली राहीन. मले काय लागते?"

मिस्त्री मुसलमान होता, पन्नाशीचा, कमी बोलणारा. छप्पर दोन हात वर उचलायचं, खाली नवीन फळ्या ठोकायच्या, मातीचे कवेलू परत बसवायचे आणि निसणीच्या जागी जिना करायचा, असं दोनशे रुपयांत ठरलं. मी दोन वर्षं साठवलेले पैसे तेवढेच होते, त्यावर थोडेसे.

काम सुरू झालं आणि एवढं-तेवढं निघू लागलं. कवेलू उतरवल्यावर छपराची एक बल्ली किडलेली दिसली. ती बदलली. भिंत वर गेली तर खिडकी हवीच. खिडकी आली तर चौकट, बिजागऱ्या, कडी. पाच रुपये, सात रुपये, तीन रुपये. प्रत्येक वेळी मिस्त्री विचारायचा आणि मी "करा" म्हणायचो. आकडा लहान असला की माणूस विचार करत नाही. महिन्याभरात माझ्याजवळ पंचवीसेक रुपये उरले.

शेवटी दोन गोष्टी राहिल्या.

जागा अपुरी म्हणून जिना फार उभा झाला होता. मिस्त्री म्हणाला, "मास्तर, एका बाजूनं भिंत आहे, दुसरी बाजू मोकळी आहे. कठडा ठोकून घ्या. बारा रुपये लगेंगे."

दुसरी गोष्ट माझ्या मनातली होती. लहानपणी माय मला घेऊन यवतमाळला एका व्यापाऱ्याच्या घरी मजुरीचे पैसे मागायला जायची. आम्हाला पायरीखाली उभं राहावं लागे. त्या घराच्या वरच्या खिडकीला लाल-हिरव्या काचा होत्या आणि मी वर मान करून त्या बघत राहायचो. आता माझी स्वतःची वरची खिडकी होत होती, तीही रस्त्याकडे तोंड करून. मी काचांची चौकशी केली होती. एकोणीस रुपये.

बायको म्हणाली, "काचा मागाहून घ्या ना. आधी कठडा होऊ द्या. आत्याबाई वर चढतील-उतरतील."

"माय कायले वर येते? आपण दोघं तर तरणे आहोत," मी म्हणालो. मिस्त्रीला सांगितलं, कठडा पुढच्या वर्षी बघू. तो एकदा जिन्याकडे बघून हत्यारं आवरायला लागला.

काचा बसल्या. सकाळी ऊन आलं की सगळी खोली लाल-हिरवी होऊन जायची. माय वर येणार नाही, हा माझा हिशेब पहिल्याच दिवशी चुकला. ती रोज वर यायची. एकटी नाही, कुणा ना कुणाला घेऊन. ज्या बायांबरोबर तिनं जन्मभर कापूस वेचला, त्या एकेकीला ती हाताला धरून वर आणायची आणि म्हणायची, "पाह्य व, माह्या पोरानं बसवल्या." मग त्या बाया आपले हात त्या उजेडात धरून बघत.

त्या दिवशी रविवार होता. मी खाली ओसरीत दाढी करत होतो. माय शेजारच्या म्हातारीला काचा दाखवून उतरत होती. माय पुढे, म्हातारी मागे. अर्ध्या जिन्यावर माय मागे वळली आणि म्हणाली, "सांभाळून उतर व, पायरी लहान आहे." वळताना तिचा तोल गेला. आधार शोधायला तिचा हात बाजूला गेला. तिथे काही नव्हतं. हे मी आरशातून नाही, मान वळवून सरळ पाहिलं. मी उठेपर्यंत ती खाली फरशीवर होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. बैलबंडीत गवत टाकून तिला मोटारीपर्यंत नेलं आणि तिथून यवतमाळच्या दवाखान्यात. दीड महिना तिच्या पायाला वजन बांधून ठेवलं होतं. घरी आली तेव्हा डावा पाय आखूड झाला होता आणि काखेत काठी होती. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "माहीच चूक. लुगडं पायात आलं, न मी पडली." मी बाजूला बसून ऐकायचो.

मिस्त्री बघायला आला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "गलती माझीबी आहे. न इचारता ठोकून द्याले पाह्यजे होता." दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं कठडा बसवला. मी पंधरा रुपये पुढे केले. त्यानं तीन परत दिले. "बाराच बोललो होतो," म्हणाला.

त्यानंतर वर्ष गेलं. एकदा बायको मला म्हणाली, "आत्याबाईले कठड्याचं सांगून टाका. रोज स्वतःले दोष देतात. त्याईच्या पुढ्यात भाकर ठेवतानी मले कसंतरीच होते."

एका दुपारी माय अंगणात पाय पसरून तूर पाखडत होती. मी जवळ जाऊन बसलो आणि सगळं सांगून टाकलं. मिस्त्रीनं कठडा सांगितला होता, सुनेनं सांगितला होता, मी नको म्हणालो आणि त्या पैशात काचा आणल्या.

सूप तिच्या हातात थांबलं. "किती मांगे तो?"

"बारा."

"बारा म्हणजे लय झाले. मीबी नाहीच म्हटलं असतं." तिनं दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पण मले इचाराचं होतं. माह्यंबी घर होतं ना गा ते."

ती माझ्यावर रागावली असती तर सोपं गेलं असतं. घरासाठी पैसा साठला तो तिच्या पोटाला चिमटा घेऊन, आणि वर कोण चढणार, काय बसवायचं, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

पुढे माझी मारेगावला बदली झाली. तिथे आम्ही भाड्याच्या घरात राहिलो, सगळं खालीच. न्हाणीला आडोसा करायचा होता तेव्हा मी मायला विचारलं, कुडाचा करू की विटांचा. ती काठी टेकत बाहेर आली, दोन्हीकडून जागा बघितली, किती लागतील ते विचारलं आणि म्हणाली, "इटाचा कर. आन् दार बाहेरून उघडलं पाह्यजे. कोनी आत पडलं त् काढता आलं पाह्यजे." मी तसंच केलं. बायको तेव्हा दारातच उभी होती. ती मायसाठी पाट आणायला आत गेली.