पाय दाखव, बाई

मुक्कामाला निघताना लोक आधी खायचं बांधून घेतात. आमच्याकडे आधी पाय बघितले जायचे. आमच्याकडे म्हणजे आपाकडे. आम्ही दोघी यवतमाळच्या एकाच शाळेत शिकवायचो. ती गणित, मी मराठी. ती वयानं मोठी म्हणून मी तिला आपा म्हणायचे, ती मला बाई. निवृत्त झालो तरी शाळेतली ही हाक काही सुटली नाही. थंडी पडली की पांढरकवड्याच्या अलीकडे, तिच्या भावाच्या वावरामागच्या टेकड्यांमध्ये आम्ही चालायला जायचो आणि दोन रात्री धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तंबू ठोकून राहायचो. या वयात हे काय खूळ, असं दोन्ही घरच्यांना वाटायचं. वाटू दे.

निघायच्या आधी आपाचा फोन ठरलेला. नखं काप, सरळ काप, कोपरे कोरत बसू नको. कोरे बूट घालून आलीस तर बसस्टँडवरूनच घरी पाठवीन. तिच्या पिशवीत जुन्या सुती ओढणीच्या पट्ट्या, पावडरचा डबा, व्हॅसलिन आणि मोज्यांचे जास्तीचे जोड असायचे. टाचेवर पट्टी अशी बसवायची की एक सुरकुती राहायची नाही. लग्नातसुद्धा मला कोणी इतक्या निगुतीनं नटवलं नव्हतं.

पहिला नाला लागला की बूट काढायचे, हा तिचा नियम. मोजे उलटे करून कुसळं वेचायची, पाय धुवायचे आणि बोटांच्या बेचक्या वाळेपर्यंत उन्हात पाय पसरून बसायचं. मग ती म्हणायची, "पाय दाखव, बाई." आपली टाच आपल्याला दिसत नाही आणि आपल्या पायाबद्दल कोणी खरं बोलत नाही, हे तिचं ठाम मत. अंगठ्यानं तळवा दाबत दाबत विचारायची, दुखते काय? फोड आला असला की पुढचं चालणं बंद आणि मुकाट तंबूवर परत. त्यामुळे जीव गेला तरी मी नाहीच म्हणायचे. पण तिची नजर पायावर नसायचीच, ती माझ्या चेहऱ्यावर असायची.

"खोटं नको बोलू. तुह्या तोंडावरून समजते मले."

मग मी तोंड फुगवून बसायचे आणि ती पट्टी बांधायची. संध्याकाळी शेकोटीपाशी मोजे काढले की तळव्यांत एक ठसठस सुरू व्हायची. भाकर खाताना, तिच्या माहेरच्या गोष्टी ऐकताना, तंबूत पांघरूण ओढून घेतल्यावरही ती चालूच असायची. दिवसभर चाललो, हे पाय सांगत राहायचे.

साखर मला बरीच वर्षं आहे. मध्यंतरी पायांना मुंग्या यायला लागल्या. नंतर त्याही यायच्या थांबल्या, तेव्हा मी मनात म्हटलं, बरी झाले. आपाला यातलं काही बोलले नव्हते. बरं झाल्याचं कोणी सांगत बसतं का?

मागच्या हिवाळ्यात टेकडी उतरून आम्ही नाल्यावर आलो. त्या दिवशी चालणं इतकं सुखाचं झालं होतं की मी गुणगुणत होते. बूट काढला, पाय पुढे केला. आपानं मोजा ओढला आणि तिचा हात थांबला. मोजा रक्तानं भिजला होता. बाभळीचा काटा बुटाच्या तळातून आरपार येऊन तळव्यात रुतला होता आणि त्याच्यावरून मी सगळा उतार उतरून आले होते.

"दुखते काय?" तिनं बाजूला दाबत विचारलं.

मी नाही म्हटलं. सवयीनं तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी खरं बोलत होते, आणि ते कळल्यावर तिचाच चेहरा उतरला.

"काहून नाही सांगतलं मले?"

तिनं काटा काढला, पाय धुतला, पट्टी बांधली आणि भावाला फोन लावला. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी परत आले. नंतर डॉक्टरनं तळव्याला बारीक तार टेकवून बघितली. लागली की सांगा, म्हणाला. मी वाट बघून म्हटलं, सुरू करा ना. तो म्हणाला, झालं. जखम भरली, पण जंगलातलं चालणं आणि धुऱ्यावरचा मुक्काम त्यानं बंद केला. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही.

आता रोज संध्याकाळी आपा आमच्याकडे येते. मी गॅलरीत खुर्चीवर बसते, ती समोर स्टुलावर बसून माझा पाय मांडीवर घेते, टाच बघते, बेचक्या बघते. तू तरी जा, असं मी तिला सांगून पाहिलं. तर म्हणते, माझी टाच कोण बघणार? तंबू तिच्या घरी माळ्यावर पडला आहे. तळव्याला थोडं जरी समजायला लागलं, तर डॉक्टरला गळ घालायची आणि या थंडीत एका रात्रीपुरतं तरी धुऱ्यावर जायचं, असं तिनं ठरवलं आहे. म्हणून ती मला डोळे मिटायला लावते आणि दाबून विचारते.

स्पष्टच सांगते, मला तो तंबू हवा आहे, तो नाला हवा आहे. आणि त्याहून जास्त मला ते दुखणं परत हवं आहे. ती ठसठस आठवून मी कधी कधी तळवे एकमेकांवर घासत बसते.

परवा गॅलरीत गारवा जाणवला. थंडी आली. आपानं पाय मांडीवर घेतला. मी डोळे मिटले, सगळं लक्ष तळव्यात नेलं आणि थांबले.

"दुखते काय?"

"हो," मी म्हटलं. "दुखतंय. अंगठ्याखाली."

मी डोळे उघडले. तिचे दोन्ही हात बाजूला होते. तिनं अजून दाबलंच नव्हतं.

तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग मोजा उचलला आणि हळूच माझ्या पायात चढवला.