बिनविरोध अध्यक्ष आणि पाहुण्या नगराध्यक्षा

ओमानमधल्या सोहारच्या आमच्या मराठी मंडळात निवडणूक होत नाही, अध्यक्ष होतो. कोण, ते आधीच्याच अध्यक्षांच्या दिवाणखान्यात, त्यांच्याच मटणरश्श्यावर ठरतं आणि सभेत टाळ्यांनी मंजूर होतं. याला आम्ही एकोपा म्हणतो. आजोबांच्या कामगार संघटनेची पत्रकं वाचत मी वाढले. मला त्यासाठी दुसरा शब्द माहीत आहे. पण घरात तो उच्चारायला बंदी होती, कारण अध्यक्ष हे कंपनीत बाबांचे साहेब.

यंदा आईलाही एकोपा बोचला. दर शुक्रवारी मंडळाच्या खोलीत ती मुलांना मराठी शिकवायची. अध्यक्षांनी खोली नाचाच्या तालमीला दिली. "वहिनी, मराठी काय, मुलं घरी शिकतात!" त्यांचा स्वतःचा मुलगा आजीशी फोनवर 'हाय' आणि 'बाय' एवढंच बोलतो.

सभेला पाहुण्या होत्या माझ्या शाळेतल्या जुन्या बाई, एस्टोनियाच्या. इथली नोकरी संपवून त्या मायदेशी गेल्या आणि आपल्या चिमुकल्या गावाच्या नगराध्यक्षा झाल्या. आता सुट्टीवर आल्या होत्या. शाल, नारळ झाल्यावर अध्यक्षांनी त्यांच्या हाती चिठ्ठी दिली: नव्या वर्षाच्या अध्यक्षांचं नाव आपल्या शुभहस्ते जाहीर व्हावं. दुभाषी मी.

बाईंनी चिठ्ठी वाचली; तीत अध्यक्षांचंच एकुलतं नाव होतं. "बाकीची नावं?"

"आमच्यात भांडणं नसतात, मॅडम."

"आमच्यात असतात. बर्फ आधी कुठल्या गल्लीतला उपसायचा, यावरून मी पहिली निवडणूक हरले. मला पाडणाऱ्यांची मुलं दुसऱ्या दिवशी माझ्याच वर्गात होती."

हे मी गरजेपेक्षा मोठ्यानं मराठीत सांगितलं.

आई उठली. "माझं नाव घ्या. मला ती खोली परत हवीय."

अध्यक्ष हसले. "घ्या की! यल्ला, चला, हात वर करा." आणि आईच्या बाजूचे हात मोजताना ते प्रत्येक हाताखालचा चेहरा निरखून बघू लागले. चार-पाच बायका, एक म्हातारे काका आणि मी. बाबांचा हात चष्म्यापर्यंत गेला, चष्मा सारखा करून खाली आला.

अध्यक्ष प्रचंड बहुमताने एकोप्याचे धनी झाले.

गाडीत बाबा पुटपुटले, "पुढच्या वर्षी गुप्त मतदान ठेवायला लाव. मग बघ माझं मत."

"पुढच्या वर्षापर्यंत पोरं थांबतील?" आई म्हणाली. "या शुक्रवारपासून वर्ग आपल्या हॉलमध्ये. तुमचा टीव्ही आत न्या. आणि साहेबांनी वर्गाबद्दल विचारलं, तर खरं काय ते सांगा."