पावती होती, यादीत नाव नव्हतं

साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मी सत्तावीस वर्षांचा. पक्षाच्या कचेरीत, माडीवर, चिठ्ठ्या टाकायच्या पेटीसमोर चिटणिसानं माझ्या थोबाडीत मारली. खोली भरलेली होती. माझ्या आळीची माणसं जिन्यात उभी होती. सगळ्यांनी आवाज ऐकला.

का मारली ते सांगतो.

मी बुरूड. कसबा पेठेत आमची आळी. सुपं, टोपल्या विणायच्या. शाळा दुसरीपर्यंत. सही येते. वाचायला वेळ लागतो, पण वाचतो. आठ वर्षं त्या पक्षासाठी मी भिंती रंगवल्या, सतरंज्या वाहिल्या. स्टेजवर चढलो तो खुर्च्या लावायला.

महापालिकेची निवडणूक आली. आमच्या आळीला एक नळ, गटार उघडं. मतं दरवेळी आमची आणि नगरसेवक दरवेळी आबासाहेब. त्यांच्या आधी त्यांचे वडील. त्या साली पक्षानं नवीनच काढलं. उमेदवार वरून लादायचा नाही, पेठेतल्या सभासदांनी चिठ्ठी टाकून निवडायचा. आळी म्हणाली, तू उभा राहा. मी राहिलो.

चिटणिसानं मला पावतीपुस्तकं दिली. म्हणाला, "जेवढे सभासद करशील तेवढ्या चिठ्ठ्या तुझ्या." मी घरोघर फिरलो. म्हाताऱ्या बायकांचे अंगठे घेतले. आणि एक गाढवपणा केला. आमच्यात शब्द पक्का करायचा तर देवापुढं बेल-भंडार उचलतात. मी एकेकाला देवळात नेऊन उचलायला लावला. पावती घेतलीस, आता महापालिकेच्या निवडणुकीतही मत याच पक्षाला, काही झालं तरी. पक्षाची पावती म्हणजेच मत, असं मी धरून चाललो होतो. मी सांगितलं म्हणून आळीनंही तेच धरलं.

चिठ्ठ्यांचा दिवस रविवारचा. आम्ही धुतलेले कपडे घालून गेलो. चिटणिसानं यादी उघडली. बोट फिरवलं.

"आपलं नाव नाही."

"ही पावती."

"पावती आहे हो. नाव नाही. पावती फाडली की सभासद झालो, असं कोणी सांगितलं आपल्याला? नावं वर पाठवावी लागतात."

"तुम्हीच पाठवणार होता."

"राहून गेलं."

अख्ख्या आळीचं राहून गेलं. एकाचंही नाव नव्हतं. मी यादी ओढून घेतली. एकेक अक्षर लावून वाचली. त्यात आबासाहेबांचा गडी होता, स्वयंपाकीण होती. त्यांची आत्या होती, जिची तिरडी मीच बांधून दिली होती. तिच्या नावापुढं खूण. तिनं मत टाकलेलं.

मी ओरडलो, "मेलेली बाई मत देते आणि आम्ही जिते नाही?"

तेव्हा थोबाडीत बसली. "आवाज कोणापुढे चढवतोस, बुरडा? टोपल्या विणायच्या सोडून उमेदवारी पाहिजे!"

मी पेटी उचलली आणि त्याच्या तोंडावर हाणली. नाक फुटलं त्याचं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मग चौघं माझ्यावर पडले. एकानं केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. एकानं पोटात लाथा घातल्या. खुर्चीचा पाय बरगडीवर बसला. पुढचे दोन दात तोंडातच सुटले. आबासाहेब खिडकीपाशी पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "भिंतीला रक्त लावू नका रे. परवाच चुना दिलाय."

मला जिन्यावरून ढकललं. आळीच्या माणसांनी झेललं म्हणून मान वाचली. कोणी वर चढलं नाही. आबासाहेब जिन्याच्या तोंडाशी आले. शांतपणे म्हणाले, "झालं गेलं विसरा. मतदानाला मात्र वेळेवर या सगळे. बेल-भंडार उचललाय ना तुम्ही? देवाशी खोटं वागू नये."

म्हणजे उमेदवार ठरवताना आम्ही कोणी नाही. आणि त्याला निवडून देताना आम्ही बांधलेले. दोरी त्यांच्या हातात मीच दिली होती.

घरी आलो आणि बांबू फोडायचा कोयता घेतला. बायको दारात उभी राहिली. अडवलं नाही तिनं. म्हणाली, "जा. तोडून या त्या चिटणिसाला. पण आळीनं मत कुणाला द्यायचं ते सांगून जा. तुम्ही फासावर, आम्ही पुन्हा आबासाहेबांच्याच दारात."

मी तिच्यावर हात उगारला. आजवर त्याची लाज वाटते. ती हलली नाही. मी कोयता टाकला.

तेवढ्यात शेजारचे रहीमभाई आले. भांड्यांना कल्हई करायचे. दोन निवडणुकांत एका अपक्षातर्फे मतदान केंद्रावर बसलेले. माझं तोंड पुसता पुसता म्हणाले, "अरे येड्या, त्यांच्या कचेरीत मत द्यायला त्यांच्या यादीत नाव लागतं. सरकारी पेटीपुढं कोण पावती विचारतं? तिथं मतदार यादीत नाव आहे ना, बस्स. पडद्यामागं तू आणि शिक्का. पक्षाचा सभासद असलास तरी दुसऱ्याला मत देता येतं. तुला तर सभासदही केला नाही त्यांनी."

"मग शपथ?"

"ती तू घातलीस. तूच सोडव."

संध्याकाळी आळी देवळापुढं बोलावली. तोंड सुजलेलं, शब्द धड फुटत नव्हता. म्हणालो, "मी अडाण्यानं तुम्हाला फसवलं. पावती म्हणजे मत नाही. ही शपथ मी मोडतो. देवाला काय करायचं ते माझं करू दे, तुमच्यावर पाप नाही." एक म्हातारी म्हणाली, "मेल्या, हे आधी नाही सुचलं?" आणि माझ्या तोंडावर पावती फेकली. तिचं बरोबर होतं. मग सगळ्यांनीच फेकल्या. मी त्या पायाखाली तुडवल्या आणि म्हणालो, उमेदवारीचा अर्ज आता मीच भरणार.

आबासाहेबांच्या माणसांनी रात्री निरोप धाडला. अर्ज भरायला गेलास तर उरलेले दातही पाडू. अर्जाचा शेवटचा दिवस दुसऱ्या दिवशीच होता.

सकाळी मी रक्ताचाच सदरा घातला. दुसरा होता, तो मुद्दाम घातला नाही. सूचक म्हणून थोरला भाऊ, अनुमोदक रहीमभाई. मागं अख्खी आळी, बायका पुढं. कोपऱ्यावर ते चौघं उभे होते. मी सरळ त्यांच्या अंगावर चालत गेलो. ते बाजूला झाले.

निवडणूक कचेरीतल्या सरकारी साहेबानं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग अर्जाकडं. विचारलं, "पक्ष कोणता?"

मी म्हणालो, "तिथं रेघ मारा." आणि खाली सही केली.