हाक एकदाच मारणारे मास्तर

मास्तर माणसं मोजत नसत. डोंगराच्या पायथ्याशी, मधल्या विसाव्याला, माथ्यावर आणि परत खाली उतरल्यावर ते एकेकाला नावानं हाक मारायचे. समोरून "ओ" आली की पुढचं नाव. हाक एकदाच. कुणी बोलण्याच्या नादात गप्प राहिला तर मास्तर त्याच्याकडे बघत उभे राहायचे, आणि आम्ही सगळे त्याच्या नावानं शिमगा करायचो.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते एसटीत कंडक्टर होते आणि सुप्याच्या बाजूला कंडक्टरला मास्तरच म्हणतात. मला ते माहीत नव्हतं. मी आठवीतून शाळा सोडलेला. 'मास्तर' म्हटलं की माझा हात आपोआप मागे जायचा, छडीच्या भीतीनं. हे मास्तर मात्र ठेंगणे, पांढऱ्या मिशांचे, डोक्याला लोकरीची टोपी, उन्हाळ्यातसुद्धा.

"नोकरीत लई मोजली माणसं," ते सांगायचे. "डोकी मोजताना तोंडं दिसत न्हाईत. आता मला तोंडं बघू द्या."

एकदा आमच्या डोंगरच्या मंडळीतल्या टेलरनं विचारलं, "मास्तर, समजा ऐकूच नाही आलं, तर दुसरी हाक मारायला काय बिघडतंय?"

"दोनदा मारली की माणूस पहिल्या हाकेला ओ द्यायचं सोडतंय. मग दोनाच्या चार होत्यात. कान उघडे ठेवा, कानात बोळे घालून येऊ नका."

माझी त्यांची गाठ सुप्याच्या स्टँडवर पडली. भंडारा जिल्ह्यातलं माझं गाव. ओळखीच्या एका ठेकेदारानं इथल्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या एका शेडमध्ये कामाला लावलं होतं. सुट्टीच्या दिवशी खोलीत जीव घुसमटायचा, म्हणून मी स्टँडवर जाऊन बसायचो आणि बसच्या पाट्या वाचायचो. नागपूरकडची एखादी दिसली की ती सुटेपर्यंत उठायचो नाही. मास्तर निवृत्त झाले होते, तरी सवयीनं तिथं यायचे. दोन-तीनदा मला तसा बसलेला बघून जवळ आले.

"कुठं जायचंय?"

"कुठंच नाही."

"मग चल की. आमीपण तिकडंच चाललोय."

मागे त्यांची डोंगराला निघालेली मंडळी उभी होती, त्यातल्या मेसवाल्या ताई हसल्या. टेलर म्हणाला, "पोराला चप्पल घालून नेताय का, मास्तर?" त्या दिवशी मी चपलेवरच पहिला डोंगर चढलो. नंतर कंपनीचे, बोटांवर लोखंडी टोपी असलेले बूट घालून जायला लागलो.

मला डोंगराची भीती वाटायची. खोटं कशाला लिहू, अजूनही वाटते. आमच्याकडे सगळं धानाचं सपाट रान, उंच म्हणजे तलावाची पाळ. पहिल्या दिवशी मी खडकाला असा धरून चढलो की हाताची सालं निघाली. मोहोळ दिसलं की मी थांबायचो, गवत हललं की थांबायचो. मास्तर नेहमी सगळ्यांच्या मागे चालायचे, "माझं दार मागचं," म्हणायचे, त्यामुळे माझी भीती दर वेळी त्यांच्याच पुढ्यात असायची. ते कधी 'भिऊ नको' म्हणाले नाहीत. "भ्यालास व्हय? बरं. मग हळू चल," एवढंच. कड्याच्या जवळ कुणी गेलं की त्यांचा बसमधला आवाज निघायचा, "दारात उभं राहू नका. आत सरका, आत."

शनिवारी आमच्या शेडला सुट्टी असायची. रविवारी मास्तर चर्चमध्ये उपासनेला जायचे, पहिल्या बाकावर बसायचे. म्हणून आमचा डोंगर शनिवारी. कंपनीत मला कुणी नावानं बोलवत नसे. "ए भंडारा, इकडं ये. ए भंडारा, ट्रॉली ओढ." घर सोडल्यापासून माझं नाव घेणारे मास्तर पहिले. "रेवाराम," ते म्हणायचे, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. मी त्यांच्या तोंडाकडे बघत "ओ" म्हणायचो. त्या एका "ओ"साठी मी आठवडा काढायचो, हे त्यांना कधी सांगितलं नाही.

हरिश्चंद्रगडाला गेलो तेव्हा श्रावण संपत आला होता. पहाटे जीप करून पाचनईला पोचलो, तिथून वर. देवळापाशी डबे खाल्ले आणि कोकणकड्याकडे निघालो. सोनकीची पिवळी फुलं पसरली होती आणि ऊनही होतं. कडा मी लांबूनच बघितला. जमीन तिथं अशी संपते की पुढे बघवत नाही. मास्तरांनी सगळ्यांना पोटावर झोपून बघायला लावलं आणि स्वतः एकेकाचे पाय धरून बसले. मी झोपलोसुद्धा नाही. मागे झुडपापाशी बसून राहिलो.

मग दरीतून धुकं वर आलं. चुलीवरचं दूध उतू जातं तसं, बघता बघता. मास्तर म्हणाले, "उठा, चला. एकमेकाच्या पिशवीला धरा." वाट शोधायला त्या दिवशी ते पुढे झाले. मी सगळ्यांत मागे, टेलरची पिशवी धरून होतो. पण माझ्या बुटाची नाडी झुडपात अडकली, मी वाकलो, पिशवी हातातून सुटली, आणि नाडी सोडवून वर बघितलं तर समोर टेलर नव्हता. झुडपं नव्हती. माझा हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती.

मी चार पावलं टाकली आणि थांबलो. कडा कुठल्या बाजूला राहिला ते समजेना. खाली बसलो, गवत मुठीत धरलं. वारा खालून वर येत होता, त्यात माणसं बोलल्यासारखे आवाज होते, मध्येच बंद व्हायचे.

तेवढ्यात हाक आली. "रेवाराम."

आवाज मास्तरांचा होता, आणि नव्हताही. दगडाच्या आतून आल्यासारखा.

आता हे कसं सांगू. आमच्याकडे लहानपणापासून सांगून ठेवलेलं असतं. माझी आई रानात पाठवताना दर वेळी म्हणायची, "बापू, जो दिसत नाही त्याले ओ देऊ नोको. भूत दोनदाच हाक मारते. तिसरी हाक त्याच्या तोंडातून निंगत नाही." आमच्या गावात हे कुणी गंमत म्हणून सांगत नाही. घरातून निघताना बसच्या खिडकीखाली उभी राहूनही ती हेच म्हणाली होती.

मी ओ दिली नाही. मास्तर दुसरी हाक मारत नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. आणि दुसरी हाक आली. "रेवाराम." या वेळी भलत्याच बाजूनं. तेव्हा माझी खात्रीच पटली की हे मास्तर नव्हेत. मी तोंडावर हात दाबून धरला, चुकून आवाज निघू नये म्हणून.

मग काहीच नाही. वारासुद्धा थांबला. तो वेळ किती होता, मला सांगता येणार नाही. आईला कोण कळवेल, एवढंच डोक्यात होतं.

आणि अचानक, भरलेल्या गाडीत दार उघडताना ओरडावं तसं, "भंडाराऽ, भंडाराऽ, भंडारा! हाय का कुणी भंडारा?"

भूत असं ओरडत नाही, तीनदा तर नाहीच. मी रडत "ओ" म्हणालो.

मग अगदी हळू आवाज आला, "तिथंच बस. हलू नको. ओ ओ करत ऱ्हा, मी येतो." मी ओ ओ करत राहिलो. मास्तर आले तेव्हा रांगत आले होते. गुडघे चिखलानं भरलेले, टोपी नव्हती, काठी नव्हती. त्यांनी माझी कॉलर धरली ती पार देवळापर्यंत सोडली नाही.

खाली पाचनईत एका घरी चहा घेतला. मास्तरांनी कपबशी खाली ठेवली.

"माझी हाक ऐकू आली न्हवती?"

"आली होती."

"मग?"

मी आईचं सांगितलं. टेलर फस्सकन हसला. "अरे भुताला तुझं नाव कशाला म्हाईत आसंल? तुझ्या सुपरवायझरला न्हाई म्हाईत."

"हसू नका," मास्तर म्हणाले. "त्याच्या आईनं एवढ्या लांब धाडलंय पोराला. तिच्याकडं द्यायला तेवढंच हुतं." मग माझ्याकडे न बघता बोलले, "तू ओ देईना, मला वाटलं तू गेलास खाली. मी तसाच पुढं सरकत हुतो. काठी टेकवली तर ती टेकलीच न्हाई. हातातनं सुटली. पडल्याचा आवाजबी न्हाई आला. तेवढ्यात तुझी ओ आली, पाठीमागनं."

टेलरनं आपला कप खाली ठेवला. मेसवाल्या ताईंनी पदर तोंडाला लावला.

"चूक माझी हाय," मास्तर म्हणाले. "परक्या मुलखाच्या माणसाला हाक कशी मारायची, ते आधी इचारून घ्यायला पाहिजे हुतं."

त्या दिवसापासून त्यांची हाक तीनदा झाली, सगळ्यांनाच. आणि आमच्यात नवीन कुणी आलं, बिहारचं, ओडिशाचं, की मास्तर पायथ्याशी त्याला बाजूला घ्यायचे. "तुमच्याकडं अंधारात माणसाला कसं बोलवत्यात रे?" टेलर वैतागायचा, "मास्तर, ऊन व्हायला लागलं." पण मास्तर ऐकून घेतल्याशिवाय चढायला सुरुवात करत नसत.

पुढे त्यांच्या पायाला जखम झाली, ती साखरेमुळे बरी होईना. बोट काढावं लागलं. मी बघायला गेलो तर म्हणाले, "शनिवारी तू ने समद्यांना."

मी म्हणालो, "मास्तर, मी नाही. मी किती भितो तुम्हाला माहीत आहे. टेलरकाकांना सांगा."

"टेलर भीत न्हाई. म्हणून तर त्याला सांगत न्हाई."

पहिल्यांदा मी नेलं ते गोरक्षनाथ गडावर, सोपीच वाट. तरी सकाळपासून मला गिळवेना. मी सगळ्यांच्या मागे चाललो. कुणी वळणावर दिसेनासा झाला की मी पळत वळण गाठायचो. सगळे खाली उतरले, तेव्हा मी मास्तरांना फोन केला. "मास्तर, सगळी उतरली."

त्यांनी फोन बायकोच्या, मास्तरीणबाईंच्या, हातात दिला. "रेवाराम, अरे सकाळपासनं फोन मांडीवर घेऊन बसल्यात. पाण्याचा थेंब न्हाई घेतला. हे आजचंच न्हाई बाबा. ते सोता जायचे तवाबी भाकरी बांधून न्यायचे आन् तशीच परत आणायचे. समदी खाली उतरल्याबिगर त्यांच्या घशाखाली उतरायचं न्हाई."

इतकी वर्षं मी त्यांच्या पुढे चाललो, आणि समजत होतो की भितो तो मीच.

मास्तर या थंडीत गेले. माती द्यायला आम्ही सगळे होतो. त्यानंतरच्या शनिवारी जाऊ नये असं मला वाटत होतं. पण ताईंनी डबे बांधले होते आणि ओडिशाची दोन नवी पोरं दारात येऊन उभी राहिली होती. गेलो. उतरल्यावर हातात फोन घेऊन उभा राहिलो, लावायचा की नाही ते कळेना. शेवटी लावला.

मास्तरीणबाईंनी उचलला. "उतरली का समदी?"

"हो, उतरली."

"मग आता टाकते मी भाकरी," त्या म्हणाल्या. फोन त्यांनी कुठंतरी ओट्यावर ठेवला असावा. भांड्याचा आवाज आला, आणि मग गॅसचा लायटर टकटक वाजला.