तुर्कांची राणी आणि आमची आई

मी इतिहास शिकवायचे ती शाळा आईच्या घराजवळ, कामोठ्यातच होती. लग्न होऊन घणसोलीला गेले, तरी शाळा सुटली की आधी आईकडे. ती कोळंबी सोलत बसायची आणि मी तिला इतिहास सांगायचे. वर्गातली पोरं जांभया द्यायची, आईला मात्र भारी रस. त्या दुपारी अजून आठवतात.

तिची लाडकी होती एका तुर्की सुलतानाची राणी. गावावर धाड पडून पकडलेली, बाजारात विकलेली पोर. महालात दासी म्हणून आली आणि सुलतानाने रीत मोडून तिच्याशी लग्न लावलं. पुढे तिने शहरात अन्नछत्र काढलं, दवाखाना बांधला. भल्याभल्या वजिरांची तिच्यापुढे डाळ शिजत नसे.

"दरबारात बसायची काय गं?" आईने विचारलं.

"छे, पडद्याआड. पण सुलतान तिचा सल्ला घ्यायचा."

"मग बसायची गरजच काय?"

तिला हे कळणारच. बाबा न्हावा शेव्याच्या बंदरात माल सोडवायची कागदपत्रं करायचे आणि घरी आले की सोसायटीचे चेअरमन. आई मीटिंगला कधी गेली नाही. एकदा गेटजवळच्या म्हाताऱ्या कोळणीला उठवायचं ठरलं. जेवताना आई एवढंच म्हणाली, "उठवा. मग मासळी वाशीवरनं तुमीच आणा." दुसऱ्या दिवशी कोळीण जागच्या जागी. चेअरमनसाहेबांनी म्हणे माणुसकीच्या नात्याने फेरविचार केला होता!

त्या तुर्कांत एक रीत होती. राजपुत्र सुभ्यावर निघाला की त्याच्या आईनेही चंबूगबाळं आवरून त्याच्यामागे जायचं. ही राणी मात्र गेली नाही, सुलतानापाशीच राहिली. आई खूश झाली. म्हणाली, "बेस केलं. लेकाच्या घरात आई म्हंजे पावनी."

मग बाबा गेले. रीत आमच्याकडेही तीच निघाली. बंगळुरूहून दादा आला आणि म्हणाला, "आई, एकटी कशाला राहतेस? चल माझ्याकडे." जमलेल्या नातेवाइकांनी माना डोलावल्या. आईला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मला असा संताप आला! मी सगळ्यांदेखत म्हणाले, "आई, ती राणी गेली नव्हती."

आईने माझ्याकडे पाहिलं. "ती नवऱ्याच्या आधी मेली गं. म्हणून तिला ऱ्हाता आलं."

ते मीच तिला सांगितलं होतं. आठवड्याभरात ती दादाबरोबर गेली.

परवा तिचा फोन आला. सून चांगली हाय, नातवंडं गोड हायत, सैपाकाला बाई हाय, सगळं सांगून झालं. मग म्हणाली, "पण हितं मला कुणी काय विचारत नाय गं."

पंचवीस वर्षं मी आमटी करते. तरी म्हणाले, "आई, आज आमटीत चिंच घालू की कोकम?"

"तुला येतं की सगळं," ती म्हणाली. आणि मग तिचा तो जुना आवाज लागला, "कोकम घाल. आन् गॅस बारीक ठेव."