नदीपल्याड अडकलेली बैलजोडी

निजामाच्या राज्यात परळीकडं जाणारी रेल्वे आमच्या शिवारातून गेली, तेव्हा मी सासरी नवी होते. मुरुमाचा फलाट, दगडी खोली आणि एक मास्तर, एवढंच आमचं स्टेशन. आमच्या मालकांचा बैलगाडीचा धंदा. गावचा कापूस लातूरच्या बाजाराला न्यायचा, येताना मीठ, गूळ, घासलेट आणायचं. स्टेशन झाल्यापासून पारावरची माणसं त्यांना चिडवायची, "आता बैलं इक बे!" मालक रागानं म्हणायचे, "त्या लोखंडी पेटीत मी मेलो तरी बसणार न्हाई."

त्या साली ऐन कापसाच्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला. लातूरला गेलेल्या गाड्या परत आल्या, पण आमची आली नाही. एका गाडीवानानं मान खाली घालून सासऱ्यांना सांगितलं, "आमी अलीकडं आलतो, तुमचा ल्योक मागं होता. मांजरा नदी एकदम चढली. मंग काय दिसलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सासरे नदीवर जाऊन आले. पाणी उतरलं नव्हतं, पलीकडं जायची सोय नव्हती. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन ते ओट्यावर बसून राहिले. घरात चूल पेटली नाही.

मला राहवेना. रेल्वेला नदीवर पूल आहे, एवढं मला ठाऊक होतं. पदर पुढं ओढून मी एकटीच स्टेशनवर गेले. परक्या पुरुषाशी मी तोवर कधी बोलले नव्हते. मास्तर हैदराबादचे, वयस्कर. मी विचारलं, "मास्तरसाब, नदीपल्याडची गाडी येती का?"

"आती ना, बाई. पूल सलामत है. उधर बहोत लोगां अटके हैं, सब गाडी में आरे हैं. फिकर नक्को करो." त्यांनी मला सावलीला बसवलं, माठातलं पाणी दिलं.

गाडी आली. ती निम्मी माणसांची, निम्मी मालाची असायची. भिजलेली गाठोडी घेऊन माणसं उतरली. मी एकेक तोंड पाहत होते. फलाट रिकामा झाला, तरी ते दिसले नाहीत. मी मास्तरांना विचारायला वळले. तेवढ्यात शेवटच्या डब्यातून बैल हंबरला. दार सरकलं आणि दोन्ही बैलांची वेसण धरून आमचे मालक उभे! अंगावर गवत, डोळे तांबारलेले.

मला हुंदका आवरेना.

"रडती कावून? आलो न्हवं!" ते म्हणाले. बोलता बोलता त्यांनी बैल फलाटावर उतरवले.

नदी चढताना पाहून त्यांनी बैलगाडी एका शेतकऱ्याच्या मळ्यात सोडली होती आणि बैल हाकत रेल्वे गाठली होती. घरी आल्यावर सासऱ्यांनी आधी लेकाच्या, मग बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "सूनबाई, भाकरी टाक. लई भूक लागलीय." मालक जेवताना सांगत होते, "बैलं गपगार उभी ऱ्हायली. पुलावर मीच भ्यालो."

पुढं स्टेशनाशेजारी एका व्यापाऱ्यानं कापसाची जीन, म्हणजे सरकी वेगळी करायचा कारखाना काढला, मागून तेलाची गिरणी आली. सरकी काढलेल्या कापसाच्या गाठी रेल्वेनं जाऊ लागल्या. बैलं विकायची वेळ आलीच नाही. उलट रानातला कापूस जिनीत आणायला बैलगाड्या कमी पडू लागल्या. मालकांचं लातूरला जाणं सुटलं. मीही जिनीत कापूस निवडायला जाऊ लागले.

सांजच्याला जिनीचा भोंगा झाला की आम्ही दोघं बरोबरच घरी यायचो, कापसाच्या तुसानं डोक्यापासून पायापर्यंत पांढरेफेक. आमची धाकटी लेक बापाला बघून आत पळायची, "आजा, कुणी म्हातारा आलाय!" मालक मुद्दाम काठी टेकल्यासारखे वाकून चालायचे, आणि सासरे खोकला लागेपर्यंत हसायचे.